दुर्बीण तपासणीतून प्रायॉनचा संसर्ग टाळण्यासाठी: तालुक्याच्या एंडोस्कोपी केंद्राने पाळायचा क्रम

यवतमाळ, वर्धा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या लहान केंद्रांमधल्या परिचारिकांना आणि तंत्रज्ञांना स्कोप, म्हणजे शरीरात घालायची दुर्बीण, धुण्याचे प्रशिक्षण देताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "सीजेडीचा संशय असेल तर स्कोप सायडेक्समध्ये किती वेळ ठेवायचा?" सीजेडी हा प्रायॉनमुळे होणारा मेंदूचा आजार, आणि सायडेक्स हे ग्लुटाराल्डिहाइडचे जंतुनाशक द्रावण. या प्रश्नामागे जो समज आहे, त्यातच खरी चूक दडलेली आहे. प्रायॉन हा जिवाणू नाही आणि विषाणूही नाही. ते चुकीच्या घडीचे प्रथिन आहे. ग्लुटाराल्डिहाइडने ते निकामी होत नाही, आणि शिवाय बायोप्सीचा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकल्यावर जसा घट्ट होऊन टिकतो, तसे चॅनेलच्या, म्हणजे स्कोपच्या आतल्या अरुंद नळीच्या, भिंतीवर राहिलेले प्रथिन ग्लुटाराल्डिहाइडमुळे तिथेच पक्के बसते. त्यामुळे द्रावणात किती वेळ ठेवायचे यापेक्षा द्रावणात जाण्यापूर्वी स्कोपवर काय शिल्लक होते, हे कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे.

धोक्याचे माप सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. पोटाच्या किंवा आतड्याच्या दुर्बिणीतून क्रॉइट्सफेल्ट-याकोब आजार, म्हणजे सीजेडी, दुसऱ्या रुग्णाला झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेची उपकरणे आणि मेंदूत घातलेले इलेक्ट्रोड यांतून मात्र तो गेलेला आहे, आणि ते इलेक्ट्रोड अल्कोहोल व फॉर्मल्डिहाइडने निर्जंतुक केलेले होते. आजारावर उपचार नाही, संसर्गापासून लक्षणांपर्यंत कित्येक वर्षे, कधी दशकेही जातात, आणि स्कोपवर प्रायॉन आहे की नाही हे तपासण्याची सोय कोणत्याही केंद्रात नाही. म्हणून पुढचा क्रम काटेकोरपणे पाळायचा आहे. त्यातले बहुतेक टप्पे प्रत्येक रुग्णासाठी रोजच पाळायचे आहेत. संशयित रुग्णासाठी वेगळे करायचे ते फार थोडे आहे.

टप्पा १: तारीख देण्यापूर्वीची विचारपूस

रुग्ण टेबलावर आल्यावर केलेली विचारपूस उपयोगाची नाही, कारण तोपर्यंत स्कोप, फोर्सेप आणि माणसे ठरलेली असतात. आपल्याकडे असा रुग्ण बहुधा पोटाच्या तक्रारीसाठी येत नाही. घास गिळता येत नाही, ठसका लागतो, म्हणून थेट पोटात अन्न देण्याची नळी बसवण्यासाठी त्याला पाठवलेले असते, आणि चिठ्ठीवर "लकवा" किंवा "म्हातारपणाचा विसराळूपणा" एवढेच लिहिलेले असते. अशा प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना पुढील गोष्टी विचाराव्यात.

विसराळूपणा किती काळात वाढला, हा पहिला प्रश्न. वर्षानुवर्षे हळूहळू वाढलेला विसराळूपणा निराळा, आणि दिवाळीला शेताचा हिशेब तोंडपाठ सांगणारा माणूस होळीला मुलाचे नाव विसरतो, हे निराळे. त्यानंतर चालताना तोल जातो का, हातपाय अचानक झटका दिल्यासारखे उडतात का, भांडे पडल्याच्या आवाजाने सबंध अंग दचकते का, हे विचारावे. घराण्यात अशाच आजाराने कोणी गेले आहे का, मेंदूची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया होऊन मेंदूच्या आवरणाचे, म्हणजे ड्युराचे, कलम बसवले होते का, डोळ्याच्या बाहुलीवरचे पटल बदलले आहे का, लहानपणी उंची वाढण्यासाठी मानवी पिट्युटरीपासून काढलेल्या हार्मोनची इंजेक्शने घेतली होती का (ही इंजेक्शने १९८५ च्या सुमारास बंद झाली), आणि १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये दीर्घ वास्तव्य होते का, हेही कागदावर यावे.

प्रश्न छापील भाषेत विचारले तर उत्तर "हो, हो" असेच मिळते. "बाबा कवापासून इसरून रायले?" असे विचारले की घरातली सून तारीखवार सांगते. उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

*तपासणी:* काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढलेला स्मृतिभ्रंश आणि त्यासोबत तोल जाणे किंवा अंग झटके देऊन उडणे, अशी जोडी आढळली तर तारीख देऊ नये. आधी मेंदूविकारतज्ज्ञाशी बोलावे. एमआरआय, ईईजी आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी यांसाठी नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे लागले तरी चालेल. तोवर नाकातली नळी किंवा सलाईन यांवर रुग्णाची काळजी घेता येते. तपासणी लांबवणे म्हणजे रुग्णाला परत पाठवणे नव्हे, आणि संशयाच्या नावाखाली कोणाचेही आवश्यक उपचार नाकारू नयेत.

टप्पा २: कोणत्या रुग्णात कोणत्या ऊतीला स्कोप लागणार आहे

हा टप्पा बहुतेक केंद्रांत वगळला जातो. परिणामी एकतर सगळेच घाबरून स्कोप फेकायला निघतात, किंवा कोणीच काही करत नाही.

स्पोरॅडिक, म्हणजे बाहेरच्या कारणाशिवाय आपोआप उद्भवणारा सीजेडी हा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. जगभर दरवर्षी दर दहा लाख लोकांमागे साधारण एक ते दोन जणांना तो होतो. त्यात संसर्गक्षमता मुख्यतः मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि डोळ्याचा मागचा भाग यांत असते. अन्ननळी, जठर आणि मोठे आतडे यांच्या साध्या तपासणीला अशा रुग्णात स्कोप बाजूला काढण्याची गरज नसते. नेहमीची धुलाई पूर्ण आणि चोख झाली पाहिजे. अपवाद नाकाचा आहे. नाकाच्या छताजवळ वासाचे पटल असते आणि ते थेट मेंदूच्या मज्जातंतूंशी जोडलेले असते. त्यामुळे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची नाकाची दुर्बीण त्या भागाला लागली, किंवा लागली नाही असे खात्रीने सांगता येत नसेल, तर ती दुर्बीण धोक्याची मानावी.

व्हेरियंट सीजेडी, म्हणजे गाईंच्या मेंदूच्या आजाराशी संबंधित आणि १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेलेला प्रकार, वेगळा आहे. त्यात टॉन्सिल, अपेंडिक्स आणि आतड्याच्या भिंतीतल्या लसिका ऊतींतही प्रायॉन असते. म्हणून अशा रुग्णाची बायोप्सी घेतली, पॉलिप काढला किंवा ऊती जाळली, तर स्कोपच्या आतले चॅनेल दूषित झाले असे धरावे.

निदान अजून व्हायचे असेल तर दुसऱ्या, म्हणजे व्हेरियंट, प्रकाराप्रमाणे वागावे. नंतर स्कोप मोकळा करता येतो. आधी मोकळा केलेला स्कोप मात्र किती रुग्णांमधून फिरून आला, हे मागाहून उलगडता येत नाही.

टप्पा ३: सामानाची मांडणी

रुग्ण खोलीत येण्यापूर्वी पुढील सामान हाताशी असावे: एकदाच वापरायचे बायोप्सी फोर्सेप, एकदाच वापरायचा चॅनेलचा ब्रश, बायोप्सीच्या तोंडावरचे नवे रबरी झाकण, पुन्हा न वापरायचा तोंडातला ब्लॉक, ताजे एन्झाइम द्रावण, सुती धागे न सुटणारे पुसणे, आणि झाकण असलेला टब.

रबरी झाकणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. फोर्सेप त्यातून प्रत्येक वेळी ओढून काढताना ऊतीचा अंश त्याच्या चिरेत घासला जातो, आणि ती चीर ब्रशने साफ करता येत नाही. झाकण उलटे करून, बोटांनी चीर फाकवून एकदा उजेडात पाहिले, तर मी काय म्हणते ते कोणालाही पटेल. बायोप्सी झालेल्या प्रत्येक रुग्णानंतर ते झाकण कचऱ्यात गेले पाहिजे, मग रुग्ण संशयित असो वा नसो.

*इशारा:* "एकदाच वापरा" असे लिहिलेले फोर्सेप धुऊन पुन्हा वापरण्याची सवय पैशाअभावी लागलेली आहे, याची मला जाणीव आहे. स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या तारेच्या आत गेलेले रक्त मात्र कोणत्याही धुण्याने निघाल्याची खात्री देता येत नाही. सामान कमी असेल तर त्या दिवशीचे रुग्ण कमी करावेत.

संशयित रुग्ण यादीत शेवटी ठेवावा. खोलीत लागतील तेवढीच माणसे असावीत, आणि कोणता स्कोप वापरायचा हे डॉक्टरांनी आधीच ठरवून त्याचा अनुक्रमांक नोंदवहीत लिहून ठेवावा. बायोप्सी खरोखर लागणार आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. न घेतलेल्या बायोप्सीएवढे खात्रीचे संरक्षण दुसरे नाही.

टप्पा ४: स्कोप बाहेर आल्यावरची पहिली दहा मिनिटे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि आपल्या हवेत त्या अधिक महागात पडतात. वाळलेले प्रथिन धातूला आणि प्लास्टिकला असे चिकटते की नंतरचे धुणे त्याला हलवू शकत नाही. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि कूलरचा झोत सरळ टेबलावर असतो. अशा खोलीत स्कोपवरचा चिकट थर पाहता पाहता वाळतो. एका केंद्रात मी पोहोचले तेव्हा सकाळच्या तीन तपासण्यांचे स्कोप खिडकीजवळ टांगून ठेवलेले होते, कारण धुणारी बाई जेवायला गेली होती. दुपारी त्यांतल्या एकाच्या चॅनेलमधून ब्रश ओढला, तेव्हा त्याच्या केसांवर चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी कण आले, आणि पाच वेळा ब्रश फिरवूनही ते येतच राहिले. सकाळी तो स्कोप ओला ठेवला असता, तर हे झाले नसते.

क्रम असा ठेवावा. स्कोप रुग्णाच्या बाहेर येताच, प्रकाशाच्या यंत्राला जोडलेला असतानाच, एन्झाइम द्रावणात भिजवलेल्या पुसण्याने वरून टोकापर्यंत एकाच दिशेने पुसावा. टोक द्रावणात बुडवून सक्शनची कळ दाबावी आणि नळीतून येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत ओढावे. हवा-पाण्याच्या चॅनेलसाठी कंपनीने दिलेला अॅडॉप्टर लावून ते चॅनेलही धुवावे. ते अरुंद असल्याने त्यात ब्रश जात नाही, त्यामुळे नंतर दुरुस्ती करण्याची संधी मिळत नाही. मग स्कोप झाकणाच्या टबात ओला ठेवून धुण्याच्या खोलीत न्यावा. पुसण्याला किंवा द्रावणाला स्पिरिट लावू नये, कारण अल्कोहोलही प्रथिन घट्ट करते.

*तपासणी:* तपासणी संपल्याची वेळ आणि धुणे सुरू झाल्याची वेळ, अशा दोन्ही वेळा नोंदवहीत असाव्यात. त्यांत एका तासापेक्षा जास्त अंतर पडले असेल, तर नेहमीचे धुणे पुरेसे नाही. कंपनीच्या पुस्तिकेतली उशिरा धुण्याची, जास्त वेळ भिजवण्याची पद्धत वापरावी. भारनियमनाची वेळ माहीत असेल तर त्याआधी नवी तपासणी सुरू करू नये.

*इशारा:* नागपूरहून आठवड्याला येणारे डॉक्टर आपला स्कोप फोमच्या सुटकेसमध्ये आणतात आणि कधी कधी वापरलेला स्कोप तसाच सुटकेसमध्ये घालून परत नेतात. फोम धुता येत नाही. त्या सुटकेसमध्ये एकदा दूषित स्कोप गेला, की पुढचा स्वच्छ स्कोपही तिथे मळतो. वापरलेला स्कोप याच केंद्रात धुतला गेला पाहिजे. ते शक्य नसेल तर तपासणी घेऊ नये.

टप्पा ५: गळतीची चाचणी

पाण्यात बुडवण्यापूर्वी कळा आणि झाकणे काढावीत, ज्या जुन्या स्कोपला जलरोधक टोपी लागते त्याला ती लावावी, आणि गळती-परीक्षक जोडून हवा भरावी. मग स्कोप स्वच्छ पाण्यात बुडवून टोक चारही दिशांना वाकवून पाहावे. एका जागेवरून सतत बुडबुडे येत असतील, तर आतल्या आवरणाला छिद्र आहे. त्यातून गेलेले द्रव ब्रशच्या किंवा द्रावणाच्या आवाक्यात येत नाही. असा स्कोप वापरातून काढावा. दुरुस्तीला पाठवताना त्यावर कोणत्या रुग्णाची तपासणी झाली होती आणि धोका कोणता, हे पाकिटावर लिहावे. दुरुस्त करणाराही माणूसच आहे.

टप्पा ६: हाताने धुणे

या संपूर्ण क्रमातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच आहे. प्रायॉनचे जे प्रमाण कमी होते, ते मुख्यतः इथे होते. स्वयंचलित धुण्याचे यंत्र असले तरी हा टप्पा गाळू नये.

एन्झाइम द्रावण प्रत्येक स्कोपसाठी नवे करावे, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तापमानात. मापाचे भांडे न वापरता "दोन झाकणे" टाकण्याची पद्धत बंद करावी. बोअरचे पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी क्षाराचे असते. बादलीच्या काठावर पांढरा थर जमत असेल, तर तोच थर चॅनेलमध्येही जमत आहे आणि मळाला आसरा देत आहे, असे समजावे. धुण्यासाठी आरओचे किंवा गाळलेले मृदू पाणी वापरावे.

ब्रश तीन वाटांनी जावा लागतो. बायोप्सीच्या तोंडातून खाली टोकापर्यंत, ही पहिली वाट. सक्शन कळीच्या खाचेतून तिरपा, साधारण ४५ अंशांत घालून टोकापर्यंत, ही दुसरी. त्याच खाचेतून सरळ घालून यंत्राला जोडायच्या टोकापर्यंत, ही तिसरी. तिसरी वाट सर्रास विसरली जाते, कारण तो भाग रुग्णाच्या अंगात जात नाही. पण ओढलेले सगळे त्याच वाटेने जाते. ब्रश टोकातून बाहेर आला, की तो पाण्याखालीच बोटांनी साफ करावा आणि मग मागे ओढावा. ब्रशचे केस पूर्ण स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. सगळे काम पाण्याखाली करावे, म्हणजे थेंब उडत नाहीत. हातमोजे, जलरोधक झगा आणि डोळ्यांचे संरक्षण हवेच.

*तपासणी:* शेवटच्या फेरीचा ब्रश पांढऱ्या कागदावर टेकवून पाहावा. कागदावर रंगाची छटा उमटली, तर पुन्हा पहिल्या वाटेपासून सुरुवात करावी.

टप्पा ७: जंतुनाशन

धुतलेला स्कोप भरपूर पाण्याने खळखळून, थेंब निथळवूनच द्रावणात घालावा. पर्याय असेल आणि स्कोपच्या कंपनीची मान्यता असेल, तर पेरासिटिक अॅसिडवर आधारित द्रावण निवडावे, कारण आल्डिहाइडच्या, म्हणजे सायडेक्ससारख्या द्रावणांच्या, तुलनेत ते प्रथिन चिकटवत नाही. ज्या केंद्रात सायडेक्सच परवडते, तिथे सहावा टप्पा दुप्पट काळजीने करणे हाच उपाय आहे. द्रावणाची ताकद चाचणीपट्टीने रोज, रुग्णांपूर्वी पाहावी. तारीख संपलेली नाही एवढ्यावर विसंबू नये, कारण स्कोपसोबत गेलेल्या पाण्याने द्रावण पातळ होत जाते.

फ्लेक्झिबल स्कोपला इजा न करता प्रायॉन खात्रीने निकामी करील, असे द्रावण नाही. १ नॉर्मल (1N) तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड किंवा २०,००० पीपीएम क्लोरीनचे हायपोक्लोराइट, दोन्ही एक तास, हे उपाय जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत आहेत. पण त्यांत फ्लेक्झिबल स्कोप टाकला तर तो निकामी होईल. वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांवर १८ मिनिटे, हा उपाय कंपनीने मान्यता दिलेल्या ताठ, धातूच्या उपकरणांसाठी आहे, आणि तोही ती आधी नीट धुतलेली असतील तरच. आपल्या ग्रामीण रुग्णालयांतला १२१ अंशांचा, कुकरसारखा ऑटोक्लेव्ह या कामाला पुरत नाही.

टप्पा ८: संशयित रुग्णाचा स्कोप बाजूला ठेवणे

टप्पा २ प्रमाणे धोका ठरला असेल, तर वरील सर्व टप्पे त्या एकट्या स्कोपसाठी करावेत. त्याच टबात किंवा यंत्रात दुसरे काही घालू नये. त्या फेरीत आल्डिहाइड वापरू नये. वापरलेले द्रावण टाकून द्यावे आणि यंत्र असल्यास ते एकदा रिकामे चालवावे. मग स्कोप पूर्ण वाळवून कडक, बंद पेटीत ठेवावा. पेटीवर "वापरू नये" या शब्दांसोबत रुग्णाचा नोंदणी क्रमांक, स्कोपचा अनुक्रमांक, तारीख आणि जबाबदार डॉक्टरांचे नाव असावे, आणि किल्ली एकाच माणसाकडे असावी.

स्कोप लाखोंचा असतो, आणि दहाव्या दिवशी "आता तरी वापरू या" असे कोणीतरी म्हणतेच. तो निर्णय किल्ली असलेल्या माणसाने घ्यायचा नाही. मेंदूविकारतज्ज्ञाचे लेखी निदान येऊन दुसराच आजार ठरला, किंवा स्पोरॅडिक प्रकार ठरला आणि स्कोप नाकाच्या छताला लागलेला नव्हता, तर पुन्हा पूर्ण धुऊन स्कोप वापरात घ्यावा. व्हेरियंट प्रकार ठरला, तर तो त्याच रुग्णासाठी राखून ठेवावा किंवा नष्ट करावा.

त्या रुग्णाचे फोर्सेप, ब्रश आणि रबरी झाकण लाल पिशवीत घालू नयेत, कारण त्यातले प्लास्टिक ऑटोक्लेव्ह होऊन पुनर्वापराला जाते. न टोचणाऱ्या डब्यात भरून ते जाळण्याच्या पिवळ्या मार्गाने द्यावेत, आणि कचरा नेणाऱ्या गाडीच्या माणसाला तसे आधी सांगावे. टेबलावर किंवा जमिनीवर सांडलेले पुसण्यासाठी २ टक्के क्लोरीनचे द्रावण त्याच दिवशी करावे: ५ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचे दोन भाग आणि पाण्याचे तीन भाग. एक तास ओले ठेवावे. नेहमीच्या बादलीतले १ टक्क्याचे द्रावण पुरेसे नाही, आणि उन्हाळ्यात उघड्या कॅनमधले क्लोरीन लवकर उडते.

टप्पा ९: घरच्यांशी बोलणे आणि नोंदवही

स्कोप पेटीत गेलेला पाहून घरचे घाबरतात, आणि ती भीती गावापर्यंत पोहोचते. त्यांना त्याच दिवशी, डॉक्टरांच्या तोंडून सांगावे की शेजारी बसल्याने, घास भरवल्याने, अंग पुसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही. वॉर्डातल्या फळ्यावर निदान लिहू नये.

नोंदवहीत प्रत्येक तपासणीसाठी रुग्णाचा क्रमांक, स्कोपचा अनुक्रमांक, फोर्सेपचा बॅच क्रमांक, दोन्ही वेळा, चाचणीपट्टीचा निकाल आणि धुणाऱ्याची सही असावी. उद्या एखाद्या रुग्णाचे निदान पक्के झाले, तर त्याच्या आधी आणि नंतर तो स्कोप कोणाला लागला, याचे उत्तर याच वहीत मिळते. फिरत्या डॉक्टरांचा स्कोप आज वणीला आणि उद्या पांढरकवड्याला जात असेल, तर त्याची स्वतंत्र वही स्कोपसोबत फिरली पाहिजे आणि प्रत्येक केंद्राने तिच्यातल्या त्या दिवसाच्या पानाची प्रत ठेवली पाहिजे. मानवी हार्मोनची इंजेक्शने घेतलेल्या काही जणांना ३० वर्षांनंतरही हा आजार झालेला आहे. म्हणून या वह्या दर मार्चअखेरीस रद्दीच्या गठ्ठ्यात न बांधता, वर्ष टाकून, वाळवी लागणार नाही अशा लोखंडी कपाटात ठेवाव्यात.